मास्तरांचा धोंडा

१

कवठे महांकाळच्या पश्चिमेला माळ आहे, माळावर एक टेक आहे आणि टेकावर दगडी चौथरा आहे. गावातली मुसलमान मंडळी चांद बघायची ती तिथूनच. चांद्र महिन्याची एकोणतिसावी संध्याकाळ आली, की मगरिबची नमाज उरकून दहा-पंधरा जण टेक चढायचे. कोणी कितीही बोट दाखवून "त्यो बघा, त्यो बघा" म्हणून ओरडलं, तरी इलियास मास्तरांनी मान हलवल्याशिवाय चांद दिसला असं कोणी धरत नसे. मास्तर म्हणाले दिसला, तर दिसला. मास्तर म्हणाले ढगाची कड आहे, तर लोक मुकाट्यानं खाली उतरायचे.

असा मान काही फुकट मिळत नाही. मास्तर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि गेली बावीस वर्षं त्यांनी एकही एकोणतिसावी संध्याकाळ चुकवली नव्हती. पाचगणीहून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतलेली अडीच हात लांबीची पितळी दुर्बीण ते खांद्यावर टाकून आणायचे. चांद बघून लोक पांगले, की मास्तर मागं थांबायचे आणि पश्चिमेच्या उजेडात जेवढ्या म्हणून बारीक चांदण्या दिसतील तेवढ्या वहीत टिपायचे. कशासाठी? उगाच. आवड म्हणून. अशी माणसं असतात हो, आणि त्यांच्यामुळं जग जरा बरं वाटतं.

सन सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात हवालदार हरिबा मास्तरांच्या घरी भाडेकरू म्हणून राहायला आला. गडी मूळचा वडूजचा. लढाईत तोफखान्यात होता, इटलीत दोन हिवाळे काढले होते, आणि आता सरकारी रस्त्याच्या मोजणीवर लागला होता. बायको रंगूबाई बरोबर होती. लग्नाला अकरा वर्षं होऊन मूल नव्हतं, पण त्या दोघांचं हसणं भिंतीपलीकडे ऐकू यायचं. मास्तरांची बायको मेहरुनबी पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "घरात माणसांचा आवाज आला बाई, बरं झालं."

हरिबाचे डोळे घारीचे होते आणि मास्तरांचे अधू होत चालले होते. तेव्हा दिवाळीच्या सुमाराला एके संध्याकाळी मास्तरांनी त्याला टेकावर नेलं. दुर्बीण रोखली आणि म्हणाले, "बघ रं. तीन चांदण्या दिसतील. त्यातली मधली चांदणी नव्हे."

"मग काय हाय?"

"धोंडा आहे. आपल्या टेकाएवढासुद्धा नसेल. सूर्याभोवती फिरतोय एकटाच, आणि मला ठाऊक आहे तो कुठं चाललाय."

हरिबानं डोळा लावला. मधला ठिपका जरा पिवळट होता, बाकी काही नाही. पण हे सांगताना मास्तरांचा आवाज असा काही कापला, की हरिबाच्या अंगावर शहारा आला. त्यानं मोठमोठे साहेब बघितले होते, पण असला माणूस बघितला नव्हता.

२

मास्तरांच्या खोलीत एक खिडकी, एक मेज आणि लॉगॅरिदमचं एक फाटकं पुस्तक. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून गणित सगळं दिवसाउजेडी. मास्तरांनी सहा वर्षं खपून त्या धोंड्याची वाट काढली होती. कागदांची चळत कमरेएवढी.

त्यांनी हरिबाला समजावलं ते असं. धोंडा दोन वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. त्याची वाट लांबोडी आहे, आपल्या पृथ्वीची गोल. दोन्ही वाटा एके ठिकाणी एकमेकींना छेदतात. दर दोन वर्षांनी दिवाळीनंतर पृथ्वी त्या चौकात येते आणि त्याच सुमाराला धोंडाही येतो. दोघं एकदम आले तर टक्कर. पण आजवर एक तर तो आधी निघून गेला, नाही तर मागून आला.

"आधी किती, मागून किती, ते इथं आहे," म्हणून मास्तरांनी वहीचं पान पुढं केलं.

एकोणचाळीस साली पुढून गेला, चंद्राच्या सोळा पट लांबून. एक्केचाळीसला मागून, आठ पट. त्रेचाळीसला पुढून, चार पट. पंचेचाळीसला मागून, दुप्पट. आणि यंदा सत्तेचाळीसला पुढून जाणार, चंद्र जेवढा लांब आहे बरोबर तेवढ्या अंतरावरून.

हरिबानं पान एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग तो उठून खिडकीपाशी गेला. बाहेर मेहरुनबी वाळवण उचलत होती, कोंबड्या ओरडत होत्या, सगळं जिथल्या तिथं होतं.

"मास्तर, ह्यो ब्रॅकेट हाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आमच्या तोफखान्यातली रीत. निशाणा कितीवर हाय ते पहिल्यांदा कुणाला धड म्हाईत नसतंय. एकच तोफ गोळा टाकती. आखूड पडला, तर दुसरा मुद्दाम लांब टाकायचा. म्हंजे निशाणा दोन्हींच्या मधी सापडला. मग अंतर अर्धं करायचं, परत आखूड. परत अर्धं, परत लांब. असं करत करत..."

"आणि मग?"

"मग बरोबर पडला असं पुढनं कळवलं, की सगळ्या तोफा एकदम."

मास्तर खो खो हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "हरिबा, लेका, पृथ्वी ओढते त्याला. दर खेपेला जवळून गेला की त्याची वाट थोडी वाकते. हे सगळं त्या ओढीचं गणित. मी मांडलंय, तू ताळा करून बघ."

हरिबानं ताळा केला. चार रविवार घालून केला. ओढीमुळं वाट वाकते हे खरंच होतं. पण दर खेपेला बाजू बदलून, बरोबर अर्धं? त्यानं स्वतःचीच समजूत घातली, की लढाईचं खूळ डोक्यातून गेलेलं नाही. फाटकाचा आवाज झाला तरी तो अजून खाली वाकायचा, त्यातलाच हा प्रकार. मात्र एक गोष्ट त्याला नाकारता येईना. हे कुणी करत असेल, तर त्याचा हात लाखात एक होता. चंद्रापलीकडून दर खेपेला नेमकं निम्मं! हरिबाच्या तोफांच्या तुकडीतल्या सगळ्यांत नावाजलेल्या साहेबालासुद्धा हे साधलं नसतं. त्या न बघितलेल्या गोलंदाजाचं त्याला मनापासून कौतुक वाटलं, आणि ते वाटलं याचीच मग भीती वाटली.

३

ताळा संपला त्याच आठवड्यात दुर्बिणीतल्या मापाच्या काचेला तडा गेला. त्या काचेवर मास्तरांनी सुईनं रेघा ओढल्या होत्या. एक रेघ म्हणजे एक कला, अंशाचा साठावा भाग. हरिबानं आपल्या फौजी पेटीतून मोडक्या दुर्बिणीची काच काढून तिथं बसवली. रेघा कशा सुरेख, केसासारख्या. मास्तर तर लहान मुलासारखे खूष झाले.

संध्याकाळी टेकावर हरिबानं डोळा लावला. मास्तर वही मांडीवर घेऊन बसले होते. माळावर रातकिड्यांनी सूर धरला होता, खाली ओढ्याच्या अंगाला कोणीतरी बैलांना हाळी देत होतं.

"उजवीकडच्या चांदणीपास्नं किती?" मास्तरांनी विचारलं.

"सहा," हरिबा मोठ्यानं म्हणाला.

आणि रातकिडे थांबले. हळूहळू नव्हे, एकदम. खालची हाळीही थांबली. हरिबाच्या मनानं सवयीनं मोजायला सुरुवात केली. लढाईत पुढच्या ठाण्यावरून तोफेला आकडा कळवला, की गोळा येईपर्यंत तो असाच मोजायचा. एक, दोन, तीन. अकरावर रातकिडे पुन्हा सुरू झाले.

"थंडी पडायला लागली," मास्तर म्हणाले आणि त्यांनी सहा लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी मास्तर उजाडल्यापासून मेजावर. सहा कला धरून त्यांनी आकडेमोड केली आणि दुपारी जाहीर केलं, की आज संध्याकाळी धोंडा डावीकडच्या चांदणीच्या अगदी खाली, तिला चिकटून असेल. "असायला नको खरं तर," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पण कालचा वेध तसं सांगतोय."

संध्याकाळी तो तिथंच होता. डावीकडच्या चांदणीच्या अगदी खाली. मास्तरांनी हरिबाला मिठी मारली. मेहरुनबीनं त्या दिवशी शिरखुर्मा केला, सण नसताना.

४

तिसऱ्या दिवशी दुपारी हरिबा काच पुसत बसला होता. काचेच्या कडेला बारीक इंग्रजी आकडे होते. तो ते वाचत गेला आणि त्याचे हात जागच्या जागी थांबले.

ही काच फौजेची. मास्तरांच्या लांब दुर्बिणीत तिची एक रेघ म्हणजे एक कला नव्हे, सात कला. हरिबा तोफखान्यात पुढच्या ठाण्यावरचा माणूस. तिथं रीत अशी, की तू फक्त रेघा मोजायच्या आणि ओरडून सांगायच्या. त्यांचा हिशेब मागं तोफेपाशी बसलेली माणसं करतात. सात वर्षं हेच केलं. परवा टेकावरही त्यानं तेच केलं होतं, सहा रेघा मोजल्या आणि ओरडला सहा. मास्तरांनी लिहिल्या सहा कला. खरं अंतर होतं बेचाळीस.

म्हणजे मास्तरांचं सगळं गणित चुकीच्या आकड्यावर उभं होतं. आणि धोंडा मात्र त्या चुकलेल्या गणिताप्रमाणं हजर झाला होता.

हरिबा तडक मास्तरांकडे गेला आणि चूक कबूल केली. मास्तर शांतपणे म्हणाले, "निकाल बरोबर आला ना? मग तू रेघा मोजण्यातही चुकला असशील. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात कधी कधी." असं होतं, हे हरिबाला माहीत होतं. तरी त्याला जेवण गेलं नाही.

पाचव्या संध्याकाळी त्यानं ठरवून खोटं सांगितलं. धोंडा चांदणीपासून तीन रेघा होता. तो म्हणाला, "पाच." रातकिडे थांबले, हरिबानं अकरापर्यंत मोजलं, रातकिडे सुरू झाले. मास्तरांनी पाचाला सातानं गुणून पस्तीस लिहिले. सकाळी आकडेमोड झाली. संध्याकाळी हरिबानं दुर्बिणीला डोळा लावण्याआधी मनातल्या मनात वडूजच्या खंडोबाचं नाव घेतलं, की देवा, खोटा ठरू दे मला.

धोंडा पस्तीसच्या हिशेबानं जिथं पाहिजे होता तिथं होता. केसभरही इकडं-तिकडं नाही.

हरिबानं दुर्बीण सोडून दिली. तो चौथऱ्यावर बसला. तोफेला डोळे नसतात हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तोफ डोंगराच्या पलीकडं असते, तिला निशाणा दिसत नाही. निशाण्यापाशी कोणीतरी बसलेला लागतो, गोळा कुठं पडला ते कळवायला. इटलीत तो बसायचा. आणि एकोणचाळीस सालापासून इथं, या टेकावर, इतक्या प्रेमानं, इतक्या इमानानं, एक म्हातारा मास्तर एकेक आकडा वहीत लिहीत आला होता.

"काय झालं रं?" मास्तरांनी विचारलं.

"काय न्हाई. पाय भरून आलं."

"दिसला ना जागेवर?"

"दिसला," हरिबा म्हणाला. मास्तर गालातल्या गालात हसत होते, आणि हरिबानं दुर्बीण उतरवायला घेतली.

५

धोंडा गेला. पुढून गेला, चंद्राइतक्या अंतरावरून, मास्तरांनी सांगितल्या तारखेला. गावात कुणाला पत्ता नाही. दोन वर्षं सुखात गेली म्हणायची. अठ्ठेचाळीसच्या आषाढात रंगूबाईला मुलगी झाली, आणि मेहरुनबीनं तिला उचलून घेतली ती खाली ठेवलीच नाही. हरिबाचा पगार वाढला. मनातली भीती त्यानं तळाशी ढकलली. कधी वाटायचं, वडूजला निघून जावं. मग वाटायचं, वडूज काय पृथ्वीच्या बाहेर आहे?

मास्तरांचे डोळे मात्र गेले. काचबिंदू निघाला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता उजेड आणि अंधार तेवढा कळेल, बाकी काही नाही. मास्तर रडले नाहीत. त्यांनी हरिबाला समोर बसवलं आणि धोंड्याचं सगळं गणित इंग्रजीत लिहून काढायला लावलं. बोलायचे मास्तर, लिहायचा हरिबा. पाठ होतं त्यांना, दशांश चिन्हानंतरच्या सात आकड्यांपर्यंत. एकदा हरिबानं मुद्दाम एक आकडा पुन्हा विचारला, तर मास्तर जेवता जेवता म्हणाले, "तीन. आणि त्याच्या पुढं शून्य आहे, ते विसरू नकोस." असं डोकं!

ते कागद दक्षिणेतल्या एका वेधशाळेकडे गेले. पाच महिन्यांनी टाइप केलेलं उत्तर आलं. हरिबानं ते वाचून दाखवलं. काम फार मोलाचं वाटतं, पण सगळे वेध एकाच माणसाचे आहेत. एकोणपन्नास सालच्या फेरीचा दुसऱ्या माणसानं घेतलेला एक वेध पाठवा. तो तुमच्या गणिताशी जुळला, तर या धोंड्याचा शोध तुमच्या नावानं नोंदवू.

मास्तरांनी ते पत्र उशीखाली ठेवलं. मेहरुनबी हरिबाला हळूच म्हणाली, "रोज रात्री हात लावून बघतात, हाय का म्हणून. एवढं झालं ना हरिबा, की ते सुखानं जातील. तुमचे डोळे द्या त्यास्नी."

एकच वेध. एक आकडा, टेकावरून मोठ्यानं सांगितलेला. हरिबानं पंधरा दिवस विचार केला. त्याच्या शहाण्या मनानं सांगितलं, की हे सगळं तुझ्या डोक्यात आहे, म्हाताऱ्याचं आयुष्य मातीत घालू नको. दुसऱ्या मनानं सांगितलं, की तू ठाण्यावर बसलायस आणि पाळण्यात तुझी पोर आहे. पहिल्या मनाकडे तर्क होता. दुसऱ्याकडे त्या अकरा मोजण्याएवढी शांतता होती, आणि ती हरिबाला जास्त खरी वाटत होती.

शेवटी त्यानं ठरवलं, आपण काही बघितलंच नाही असं सांगायचं. मास्तरांचा शोध बुडेल. त्यांच्या तोंडाकडं बघवणार नाही. पण कळवणाराच गप्प बसला, तर गोळा सुधारणार कोण?

६

एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर, वेधाच्या संध्याकाळी मास्तरांनी नेसायला धुतलेलं धोतर घेतलं, डोक्याला नवा रुमाल बांधला. हरिबानं एका हातानं दुर्बीण सांभाळली, दुसऱ्या हातानं मास्तरांना. टेक चढताना मास्तर थांबून थांबून बोलत होते. या खेपेला मागून येणार, चंद्राच्या निम्म्या अंतरावरून. आज दिवस मावळल्यावर पाऊण तासानं, मोठ्या चांदणीच्या वर, बरोबर दोन रेघांवर दिसला पाहिजे. चौदा कला.

"चौदा आले, की जिंकलो बघ," ते म्हणाले.

हरिबानं दुर्बीण बसवली. पश्चिम तांबडी होऊन करडी झाली. मोठी चांदणी दिसू लागली तशी त्यानं डोळा लावला.

चांदणीच्या वर, बरोबर दोन रेघांवर, पिवळट ठिपका होता.

किती सुंदर गणित होतं ते! काडीचाही फरक नाही. डोळे जात आलेल्या माणसानं दोन वर्षं आधी मांडलेलं. हरिबाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि त्याला वाटलं, ओरडून सांगावं, मास्तर, चौदा!

"किती?" मास्तरांनी विचारलं. त्यांच्या हातात पेन्सिल होती. दिसत नसताना त्यांनी ती हौसेनं आणली होती.

"दिसत न्हाई, मास्तर."

"नीट बघ. घाई करू नकोस."

"बघितलं. मोठी चांदणी हाय. तिच्यावर काय न्हाई."

मास्तरांनी पेन्सिलीचं टोक बोटानं चाचपलं. माळावर रातकिडे ओरडत राहिले, थांबले नाहीत. हरिबाला तेवढ्यानं हायसं वाटलं. मग मास्तर म्हणाले, "मग चुकलंच माझं. कुठं तरी मुळातच चुकलं." आणि पेन्सिल त्यांनी चौथऱ्यावर ठेवून दिली.

दुर्बीण काढण्याआधी हरिबानं आणखी एकदा डोळा लावला. मोठी चांदणी काचेतून निघून गेली होती. तसंच व्हायला पाहिजे, कारण दुर्बीण एका जागी असली की सगळं आकाश सरकत सरकत मावळतीला जातं, दोन-चार मिनिटांत काचेबाहेर पडतं. तिच्या मागच्या चांदण्याही एकेक करून सरकत होत्या.

धोंडा जागेवर होता. काचेच्या मधोमध, रेघेवर. सगळं आकाश त्याच्या मागून निघून चाललं होतं आणि तो उभा होता, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत असल्यासारखा.

हरिबानं दुर्बिणीवर झाकण घातलं.

७

दोघं खाली उतरायला लागले. पाठ पश्चिमेला, तोंड गावाकडं. समोर घरांतून चुलींचा धूर निघत होता. मास्तरांच्या घराचं दार उघडं होतं आणि आत रंगूबाई पोरीला काहीतरी म्हणून दाखवत असावी, कारण पोरीचं खिदळणं पार माळापर्यंत येत होतं.

"हरिबा," मास्तर म्हणाले, "वहीचे कागद चुलीत घाल उद्या. मेहरुनला सांगतो मी. बावीस आणि दोन, चोवीस वर्षं टेकावर येत होतो. लोक विचारायचे, काय बघता मास्तर? बरं झालं कुणाला सांगितलं नाही." त्यांचा आवाज साधा होता, शाळेत हजेरी घेतल्यासारखा. पण पाऊल असं पडत होतं, जसं टेकावर चढून गेलेला माणूस वेगळा आणि हा वेगळा.

हरिबानं ओठ दाबून धरले. असला माणूस! आणि आपण त्याला वेड्यात काढलं.

जरा पुढं आल्यावर मास्तर थांबले. त्यांनी मान वाकवली, पायाखालच्या वाटेकडं चेहरा केला.

"हरिबा, दिवस मावळला म्हणालास ना?"

"व्हय. कवाच."

"मग पुढं हे काळं काय आहे? माझ्या पायापास्नं निघालंय. तुझ्याही."

हरिबानं खाली बघितलं. पांढऱ्या वाटेवर दोघांच्या सावल्या पडल्या होत्या. लांबच्या लांब, गावाच्या दिशेनं, कडा कापून काढल्यासारख्या. बाभळींच्याही पडल्या होत्या. रातकिडे गप्प होते. कधीपासून, ते त्याला सांगता आलं नसतं.

त्यानं मागं वळून बघितलं नाही. त्याला तेवढं जमलं. तो सावल्यांकडंच बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की त्या आखूड होतायत. मघाशी दोघांची डोकी वाटेवरच्या मोठ्या धोंडीपर्यंत गेली होती. आता अलीकडं आली होती.

म्हणजे तो आला होता. गप्प बसून काही झालं नव्हतं. कळवणारा बोलला नाही, म्हणून तोफ बंद पडली नव्हती, ती आणखी जवळून बघायला आली होती. घरात पोर हसायची थांबली. रंगूबाई दारात येऊन डोळ्यांवर हात धरून उभी राहिली, टेकाकडं तोंड करून, आणि तिच्या कपाळावरचं कुंकू हरिबाला एवढ्या लांबून दिसलं.

"हरिबा," मास्तर म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात काहीतरी जागं झालं होतं. "पाठीला ऊब लागतीय. खरं सांग मला. तुला माझी शपथ आहे. दिसला होता का?"

पळून कुठं जायचं होतं? आणि या माणसानं आपलं आयुष्य वाया गेलं असं समजून का जायचं? हरिबानं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दिसला हुता, मास्तर. मी खोटं बोललो. मोठ्या चांदणीच्या वर, दोन रेघा."

"किती?"

"चौदा. तुमच्याच आकड्यावर. बरोबर तुमच्याच आकड्यावर हाय त्यो."

मास्तरांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, तसं हसू हरिबानं आजवर कुणा माणसाच्या तोंडावर बघितलं नव्हतं. ते मान वर करून, वळून, उघड्या डोळ्यांनी त्या उजेडाकडं बघत उभे राहिले.

"वही काढ," ते म्हणाले. "लिही."

हरिबानं खिशातून वही काढली. उजेड इतका होता, की बारीकातली बारीक रेघ दिसत होती. त्यानं तारीख घातली, आणि ठाण्यावर मोजायचा तसं मनात अकरापर्यंत मोजायला सुरुवात करून चौदा लिहिले.